प्रार्थनेचे बळ : महात्मा गांधींच्या जीवनातील श्रद्धा



श्रींच्या दर्शनासाठी आपण दूरदूरच्या गावांहून येता. तासन् तास रांगेत उभे राहता आणि गाभाऱ्यासमोर पोहोचल्यावर क्षणभर हात जोडता. त्या एका क्षणात मनात काय येते? कोणाच्या मनात मुलाचे शिक्षण असते, कोणाच्या घरातील आजारपण, कोणाचा अडलेला व्यवहार. देवापाशी मागणे हा भक्ताचा अधिकारच आहे, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु मागणे संपल्यावरही प्रार्थनेत काही उरते का, हा प्रश्न प्रत्येक भाविकाने एकदा तरी स्वतःला विचारावा असा आहे. त्याचे उत्तर ज्यांनी स्वतःच्या आयुष्याने दिले, त्या राष्ट्रपित्याचे, महात्मा गांधींचे, या ठिकाणी स्मरण करू या.

गांधीजींना आपण स्वातंत्र्यलढ्याचे सेनानी म्हणून ओळखतो. ते स्वतः मात्र आपल्या साऱ्या सार्वजनिक कार्याचे मूळ ईश्वरनिष्ठेत आहे असे मानीत. अन्नावाचून काही दिवस राहता येईल, प्रार्थनेवाचून राहता येणार नाही, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा एका दिवसात आलेली नव्हती. तिची पेरणी बालपणी झाली आणि तिची मशागत आयुष्यभर चालू राहिली.

घरातील संस्कार

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे मोहनदासांचा जन्म झाला. मातोश्री पुतळीबाई अत्यंत व्रतस्थ होत्या. पूजा झाल्यावाचून त्या अन्न घेत नसत. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय जेवायचे नाही असा त्यांचा नेम होता. पावसाळ्याचे दिवस, मुले अंगणात आकाशाकडे डोळे लावून बसत आणि सूर्य दिसताच आईला हाक मारीत. आई बाहेर येईपर्यंत सूर्य पुन्हा ढगाआड गेलेला असे. देवाच्या मनात आज मी जेवावे असे नाही, असे म्हणून ती माउली हसतमुखाने कामाला लागे. श्रद्धा म्हणजे चेहऱ्यावरचा तो प्रसन्न भाव, हे मुलाने पाहून शिकून घेतले.

लहानपणी मोहन भुताखेतांना फार भीत असे. घरातील रंभा नावाच्या दाईने त्याला रामनामाचा उपाय सांगितला. उपायापेक्षा सांगणारीवर मुलाचा विश्वास अधिक होता, हे पुढे गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्याच काळात एका चुलतभावाने मोहनला आणि त्याच्या मधल्या भावाला रामरक्षा शिकविण्याची व्यवस्था केली. महाराष्ट्रातील घराघरांत तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा पोरबंदरला हा मुलगा रोज सकाळी स्नानानंतर म्हणत असे. वडिलांच्या आजारपणात लाधा महाराज रोज रात्री तुलसीरामायण वाचीत, तेही तन्मयतेने ऐके.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हवेलीचा थाट आणि झगमगाट त्या मुलाच्या मनाला कधी भावला नाही. जे मनात रुजले ते आईचे व्रत, दाईचा विश्वास आणि वडिलांच्या उशाशी चाललेला पाठ. आपण मुलांना तीर्थयात्रेला आणतो हे उत्तमच. पण मुले धर्म शिकतात तो घरातल्या माणसांच्या वागण्यावरून.

भिंतीवरचे श्लोक

बॅरिस्टर होण्यासाठी गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले. तेथे दोन थिऑसॉफिस्ट बंधूंनी त्यांना गीता एकत्र वाचण्याविषयी विचारले. आपण ती संस्कृतात तर नाहीच, मातृभाषेतही वाचलेली नाही, याची त्या तरुणाला लाज वाटली. वाचन सुरू झाले आणि दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येणाऱ्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांनी त्यांच्या मनाची पकड घेतली.

पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिलीच्या धबडग्यात गीता पाठ करण्यास वेळ मिळेना. तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती योजली. सकाळी दात घासण्यास पंधरा मिनिटे लागत. समोरच्या भिंतीवर ते काही श्लोक लिहून चिकटवीत आणि तेवढ्या वेळात ते पाठ करीत. अशा रीतीने त्यांचे तेरा अध्याय मुखोद्गत झाले. 'वेळ मिळत नाही' असे म्हणणाऱ्या आपणा सर्वांना त्या भिंतीपासून पुष्कळ शिकता येईल.

गीतेतील 'अपरिग्रह' आणि 'समभाव' हे शब्द त्यांनी केवळ पाठ केले नाहीत. त्या शब्दांचा अर्थ मनात उतरताच त्यांनी आपली विमा पॉलिसी बंद केली आणि यापुढची बचत समाजकार्यास लागेल असे थोरल्या बंधूंना कळविले. वाचलेल्या शब्दाला आचरणाची जोड देण्याची ही सवय त्यांना जन्मभर राहिली.

आश्रमाची प्रार्थना

१९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरब येथे आणि १९१७ पासून साबरमतीच्या तीरावर आश्रमजीवन सुरू झाले. तेथील प्रार्थनास्थळ म्हणजे नदीकाठची उघडी, वाळूची जागा. तेथे भिंती नव्हत्या आणि मूर्तीही नव्हती. पहाटे चारच्या सुमारास आणि सायंकाळी असे दोन वेळा सर्व आश्रमवासी एकत्र बसत. थंडी असो वा पाऊस, पाहुणे असोत वा राजकीय वादळ, वेळ बदलत नसे. सायंकाळी स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हटले जात आणि त्यानंतर भजन व रामधून होई.

या प्रार्थनेला स्वरांचे सौंदर्य दिले ते एका महाराष्ट्रीय संगीतज्ञाने. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे आश्रमात येऊन राहिले आणि 'आश्रम भजनावली' त्यांच्या परिश्रमातून सिद्ध झाली. तीत नरसी मेहता, मीराबाई, तुलसीदास, कबीर यांच्याबरोबर आपल्या तुकोबांचे अभंगही आले. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी या भजनावलीतील पदांचा इंग्रजी अनुवाद मीराबहेनसाठी स्वतःच्या हाताने केला. राजबंदी म्हणून मिळालेला वेळ त्यांनी संतांच्या सहवासात घालविला.

मूर्तिपूजेला त्यांचा विरोध होता काय? मुळीच नाही. मूर्तिपूजा हा मनुष्यस्वभावाचा भाग आहे आणि तिच्यावर आपला अविश्वास नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. मात्र त्यांचा राम कोणत्याही एका मूर्तीत किंवा एका नावात मावणारा नव्हता. म्हणून प्रार्थनेत पुढे कुराणातील आयत आली, पारशी आणि ख्रिस्ती प्रार्थना आल्या, सेवाग्रामला बौद्ध मंत्रही आला. प्रार्थना ही त्यांच्या मते अंतःकरणाची झाडलोट होती. शरीराला जसे रोज स्नान लागते तसे मनाला हे स्नान लागते, असे ते मानीत. ओठांवर शब्द नसले तरी चालतील, पण शब्द आहेत आणि अंतःकरण नाही, असे होऊ नये, हा त्यांचा आग्रह असे. सोमवारचे मौन हाही याच उपासनेचा भाग होता.

प्रार्थनेतून उठलेले पाऊल

प्रार्थनेने माणूस निष्क्रिय होतो असा आक्षेप काही जण घेतात. गांधीजींच्या जीवनात नेमके उलटे घडलेले दिसते. १२ मार्च १९३० रोजी सकाळी प्रार्थना करून ते ७८ सहकाऱ्यांसह दांडीकडे निघाले. चोवीस दिवसांच्या त्या वाटचालीत रोज दोन्ही वेळची प्रार्थना झाली आणि पं. खरे तंबोरा घेऊन बरोबर चालले. ६ एप्रिलला पहाटेची प्रार्थना आणि समुद्रस्नान झाल्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले. साम्राज्याला आव्हान देणारा तो हात काही वेळापूर्वी जोडलेला होता.

८ मे १९३३ रोजी येरवडा येथे त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. सरकारने त्याच दिवशी त्यांना मुक्त केले आणि उपोषणाची सांगता २९ मे रोजी पुण्यातील पर्णकुटी बंगल्यात झाली. हे उपोषण कोणाच्या विरुद्ध नव्हते. अस्पृश्यतानिवारणाचे काम करणाऱ्यांची, आणि सर्वांत प्रथम स्वतःची, शुद्धी व्हावी एवढाच त्याचा हेतू होता. त्या वेळी त्यांचे वय त्रेसष्ट होते.

या सर्वांहून हृद्य उदाहरण सेवाग्रामचे आहे. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे विद्वान कुष्ठरोगाने ग्रस्त होऊन १९३९ च्या सुमारास बापूंच्या आश्रयाला आले. समाजाने त्यांना दूर लोटले होते. बापूंनी आपल्या कुटीजवळच त्यांची राहण्याची सोय केली आणि त्यांच्या अंगाला ते स्वतः नित्य मालीश करू लागले. देशभरातले नेते भेटीसाठी ताटकळत असताना हे काम चुकत नसे. प्रार्थनाभूमीपासून ती झोपडी थोड्याच पावलांवर आहे. ती थोडी पावले चालली गेली, म्हणूनच प्रार्थनेला अर्थ आला. वर्ध्याकडे जाणाऱ्या भाविकांनी ती जागा अवश्य पाहावी.

मंदिराचे दार

आता थोडा कठीण विषय. मंदिराच्या पुस्तिकेत तो टाळणे सोयीचे असले तरी उचित ठरणार नाही.

१९०२ मध्ये गांधीजी काशीविश्वेश्वराच्या दर्शनास गेले. अरुंद, निसरडी गल्ली, माशा, कुजलेल्या फुलांची दुर्गंधी आणि कानठळ्या बसविणारा गोंगाट पाहून ते व्यथित झाले. दक्षिणा देण्याचे मन होईना, म्हणून त्यांनी ज्ञानवापीपाशी एक पैच ठेवली. तेथील पंड्याने संतापून शाप दिला आणि अखेर ती पैही ठेवून घेतली. देवाच्या दारी शांतता आणि स्वच्छता नसेल तर ध्यान कसे लागावे, हा प्रश्न त्यांनी १९१६ मध्ये काशीतच, हिंदु विश्वविद्यालयाच्या समारंभात, राजेमहाराजांसमोर पुन्हा उपस्थित केला.

त्याहून खोल वेदना होती ती बंद दारांची. ज्या मंदिरात एका हिंदूला प्रवेश नाही तेथे आपण जायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. १९३८ मध्ये ओडिशातील डेलांग येथे मुक्काम असताना कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी पुरीच्या जगन्नाथ मंदिरात जाऊन आल्या. हरिजनांना तेथे प्रवेश नव्हता. बापूंना इतके दुःख झाले की त्यांची प्रकृती बिघडली. मात्र मुख्य दोष त्यांनी त्या स्त्रियांना दिला नाही. आपण आणि महादेव यांनी त्यांना नीट समजावून सांगितले नाही, हा अपराध आपला, असे ते म्हणाले.

आपल्या महाराष्ट्रातही या प्रश्नाने अनेकांची परीक्षा पाहिली. वर्ध्याचे श्रीलक्ष्मीनारायण मंदिर शेठ जमनालाल बजाज यांच्या घराण्याचे. १९२८ मध्ये रूढिप्रिय मंडळींचा रोष पत्करून जमनालालजींनी ते सर्वांना खुले केले. मंदिर चालविणाऱ्यांनीच पुढाकार घेऊन दार उघडल्याचे हे आद्य उदाहरणांपैकी एक होय. याउलट नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो काही वर्षे चालला, परंतु ते दार त्या काळी उघडले नाही. आपल्या इतिहासातील हे शल्य प्रामाणिकपणे स्मरणात ठेवले पाहिजे. बाबासाहेबांचे आणि गांधीजींचे मार्ग भिन्न होते, मतभेद तीव्र होते. पण देवाच्या दारात माणसाला अडविणे हा अधर्म आहे, याविषयी दोघांनीही समाजाला झोपू दिले नाही.

१९३६ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरे खुली केली, तेव्हा गांधीजी तेथे जाऊन हरिजनांसमवेत देवदर्शन करते झाले. मदुराईचे मीनाक्षी मंदिर १९३९ मध्ये खुले झाले. १९४६ मध्ये त्यांनी तेथे जाऊन दर्शन घेतले. आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरी प्राण पणाला लावले. १ मे रोजी सुरू झालेले त्यांचे उपोषण १० मे रोजी संपले आणि विठुरायाच्या मंदिराची वाट सर्वांना मोकळी झाली.

दानाचा अर्थ

७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून निघून गांधीजींनी हरिजनकार्यासाठी अनेक महिने देशभर दौरा केला. सभा आटोपली की ते निधीसाठी हात पसरीत. जानेवारी १९३४ मध्ये मलबारातील वडकरा येथे सोळा वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि तिने हातातील बांगडी काढून दिली. पाठोपाठ गळ्यातील हार आणि कानातील दागिनेही दिले. बापूंनी लगेच ते खिशात घातले नाहीत. आईवडिलांची संमती आहे ना, असे त्यांनी तिला विचारले. आणि दिलेल्या दागिन्यांच्या जागी पुन्हा नवे करून घेणार नाहीस ना, असेही विचारले. तिने तसे वचन दिले.

दानशूर बांधवांनी हा प्रसंग मनात ठेवावा. दानपेटीत पडलेली रक्कम मोजता येते. देणाऱ्याच्या मनातून किती आसक्ती गेली हे मात्र फक्त देव जाणतो. आणि ज्यांच्या हाती दान येते त्या विश्वस्तांनीही बापूंचे दुसरे तत्त्व विसरता कामा नये : आपण मालक नाही, सांभाळणारे आहोत.

शोकातील आधार

ऑगस्ट १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध झाले. अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, पंचवीस वर्षे सावलीसारखे राहिलेले महादेवभाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला, कस्तुरबांनी बापूंच्या मांडीवर डोके ठेवून देह ठेवला. बासष्ट वर्षांचा संसार संपला होता. चिता शांत होईपर्यंत बापू समोरच्या झाडाखाली बसून राहिले. मात्र प्रार्थना थांबली नाही. महादेवभाईंच्या समाधीवर ते नित्य फुले वाहात आणि गीतेचा बारावा अध्याय, भक्तियोग, म्हणत. आता तेथे दोन समाध्या झाल्या. ज्याला प्रिय माणसाचा वियोग झाला आहे, ज्याचा नवस फळला नाही, त्याने त्या समाध्यांपुढे घटकाभर उभे राहावे. प्रार्थनेने मृत्यू टळला नाही, पण माणूस उभा राहिला.

अखेरची प्रार्थना

१९४७ हे वर्ष श्रद्धेच्या कसोटीचे होते. नौआखालीच्या दंगलग्रस्त भागात सत्त्याहत्तर वर्षांचा हा वृद्ध अनवाणी पायांनी ४७ गावे चालला आणि प्रत्येक संध्याकाळी उघड्यावर प्रार्थना केली. दिल्लीत वाल्मीकी वस्तीतील प्रार्थनासभेत एप्रिलमध्ये कुराणाच्या पठणास काहींनी हरकत घेतली. बहुसंख्य लोकांची तयारी असूनही बापूंनी बळाने प्रार्थना रेटली नाही. विरोधकाचे मन वळेपर्यंत सलग काही दिवस त्यांनी ती स्थगित ठेवली. प्रार्थनेतही कोणावर जबरदस्ती नसावी, हा केवढा मोठा धडा!

१३ ते १८ जानेवारी १९४८ या काळात हिंदु-मुस्लिम-शीख ऐक्यासाठी त्यांनी अखेरचे उपोषण केले. २० जानेवारीला बिर्ला भवनातील प्रार्थनासभेजवळ बॉम्बस्फोट झाला. बापूंनी लोकांना शांत केले आणि सभा पुढे चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाचा द्वेष करू नका असे त्यांनी सांगितले. ३० जानेवारीला सरदार पटेलांशी बोलणे लांबल्यामुळे प्रार्थनेला काही मिनिटे उशीर झाला. उशिराची त्यांना चुटपुट लागली आणि दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून ते झपझप निघाले. वाटेतच, लोकांच्या नमस्काराला हात जोडून उत्तर देत असताना, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या झाडणारा आपल्याच महाराष्ट्रातला होता आणि तोही धर्माचेच नाव घेत होता. राजघाटावरील समाधीवर आज 'हे राम' ही अक्षरे कोरलेली आहेत.

भाविकहो, देवाचे नाव दोघांच्याही जवळ होते. एकाच्या मुखातील नामाने माणसाला जवळ केले, दुसऱ्याच्या मनातील धर्माभिमानाने माणसाला मारले. नाम खरे की पोकळ, हे कशावरून ओळखावे? नाम घेऊन उठल्यावर हात काय करतात, यावरून. देवालयाच्या पायरीवर आपणा प्रत्येकाची हीच परीक्षा आहे.

श्रींच्या चरणी

तेव्हा दर्शन घेऊन परतताना आपले मागणे श्रींच्या चरणी अवश्य ठेवावे. त्यासोबत एवढेही करावे. रांगेतील वृद्धाला पुढे जाऊ द्यावे. निर्माल्य आणि कचरा योग्य जागीच टाकावा. शेजारी कोण उभा आहे, कोणत्या जातीचा आहे, हा विचार मनात आल्यास तो तेथेच विसर्जित करावा. घरी गेल्यावर दिवसातील पंधरा मिनिटे मुलाबाळांसह एकत्र प्रार्थनेसाठी राखावी आणि ती वेळ शक्यतो चुकवू नये. आणि आपल्या गावात सर्वांनी दूर लोटलेला कोणी परचुरेशास्त्री असेल, तर त्याच्या दारापर्यंतची थोडी पावले चालून जावी.

असे झाले तर आपली यात्रा सफळ झाली असे समजावे. सर्वांना सद्बुद्धी लाभो, सर्वांच्या घरी प्रार्थनेचा दीप तेवत राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥